मी डॉक्टरशी इंग्लिश बोललो

मला इंग्लिश येत नाही असं कोणी म्हटलं की मला अजून राग येतो. मी चौथीतून शाळा सोडली हे खरं. पण मला इंग्लिशची सतरा वाक्यं येतात आणि सतराच्या सतरा बिनचूक येतात. पाणी कसं मागायचं ते येत नाही. रस्ता विचारता येत नाही. माझी सगळी वाक्यं एकाच कामाची आहेत. समोरचा माणूस वेडा आहे, अर्धवट आहे, डोक्याने कमी आहे, एवढंच मला सांगता येतं, पण ते सतरा तऱ्हांनी सांगता येतं. माझी नात इंग्लिश शाळेत जाते, तिला यातली चारसुद्धा ठाऊक नाहीत. त्यांच्या शाळेत 'मेंटल' म्हणतात आणि मोकळे होतात. तिला मी एकदा तीन वाक्यं म्हणून दाखवली तर ती डोळे मोठे करून म्हणाली, "आजोबा, हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, वाडीवर. ती हसली. बाकीचं तिला सांगितलं नाही. ते इथे लिहितो आहे. ज्यांना सांगायला हवं होतं ती माणसं गेली, त्यामुळे आता कागदाला सांगायचं.

आमचा पाडा घोलवडच्या चिकूवाड्यांपासून आत, तलासरीच्या अंगाला. चालत दीड तास, दादाबरोबर चाललं तर दोन तास. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ लहानू. घरात मोठा आणि नाव लहानू, यावर जो येईल तो हसून घ्यायचा. दादाही हसायचा, पण इतरांपेक्षा जरा उशिरा. बाप मला आठवत नाही. घर कारवीच्या कुडाचं, शेणाने लिंपलेलं, आणि त्यात आम्ही तिघं. आई उजाडायच्या आधी चूल पेटवायची आणि नागलीच्या भाकरी थापायची, तो हाताचा थप-थप आवाज ऐकतच मला जाग यायची. भाकरीबरोबर सुका बोंबील भाजलेला, नाहीतर लसणाची चटणी. पावसाळ्यात रानातली भाजी. नवी भाजी पहिल्यांदा निघाली की ती देवाला दाखवल्याशिवाय आई आम्हाला तोंडाला लावू द्यायची नाही, मग कितीही भूक असो. दादा ते सगळं मनापासून पाळायचा. मी भाकरीआड लपवून खायचो. दादाला दिसायचं, पण त्याने कधी आईला सांगितलं नाही.

वाडीवर आम्ही दोघंही कामाला. चिकू काढायचं काम लांबून सोपं दिसतं. टोकाला जाळी बांधलेली बांबूची काठी घ्यायची, फळ जाळीत धरायचं, हिसका द्यायचा. पण कुठलं फळ काढायचं ते कळायला हवं. कच्चं काढलं तर ते कधीच पिकत नाही, नुसतं सुकून लाकूड होतं. आम्ही फळाला नखाने बारीक ओरखडा काढून बघायचो, आत हिरवं दिसलं की राहू दे, बटाट्यासारखं दिसलं की काढ. दादाला नख लागायचं नाही. तो लांबून बघूनच सांगायचा. वाडीचे मालक थोरले शेठ स्वतः म्हणायचे की लहानूने भरलेल्या टोपलीत कच्चं फळ सापडलं तर मी मिशी काढीन. संध्याकाळी टाकीच्या पाण्यात फळं चोळून धुवायची, करंड्या भरायच्या, आणि टेम्पो स्टेशनवर जायचा. पार्सलची गाडी शिट्टी देऊन निघाली की आमचा दिवस संपला. चिकाने हात काळे आणि चिकट व्हायचे, ते घरी राखेने घासून काढायचे. त्या काळ्या हातांनी आई आम्हाला ताटाला शिवू द्यायची नाही.

आता दादाची ती सवय सांगतो. आमच्याकडे रानातल्या झाडावर चढायचं असेल, त्याला कुऱ्हाड लावायची असेल, तर आधी बुंध्याला हात लावून त्याला विचारतात. त्यात मोठं काही नाही. "येऊ का रं वर?" एवढंच म्हणायचं आणि जरा थांबायचं. जुनी माणसं सगळीच करायची. पण चिकू हे रानातलं झाड नव्हे. ते शेठने लावलेलं, शेठच्या पाण्यावर वाढलेलं, त्याला कोण कशाला विचारील? आमचेच लोक न विचारता शेठच्या झाडांवर चढायचे. दादा मात्र एकेका चिकूला हात लावून विचारायचा, आणि एखाद्या झाडापाशी जरा जास्त थांबून मान हलवायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचा. पाड्यातली माणसंही त्याला हसायची.

धाकट्या शेठनी हे पाहिलं. धाकटे शेठ म्हणजे थोरल्या शेठचे भाऊ, बाहेरदेशी शिकून आलेले, कामधाम नसलेले, बंगल्याच्या ओट्यावर आरामखुर्चीत चहा पीत बसायचे. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. फक्त त्याला करमत नव्हतं. एक दिवस ते कपबशी घेऊनच झाडाखाली येऊन दादाला म्हणाले, "अरे, कोणाशी बोलतो तू?"

"झाडाशी, शेठ."

"अच्छा! अने झाड शूं कहे छे? काय म्हणतं झाड?"

दादाने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "आज नको म्हणतं."

धाकटे शेठ इतके हसले की बशीतला चहा पायजम्यावर सांडला. आणि मग ते इंग्लिशमध्ये काहीतरी म्हणाले. मी करंडी घेऊन तिथेच उभा होतो. मी म्हटलं, "शेठ, काय म्हणालात?" त्यांनी मला पुन्हा म्हणून दाखवलं आणि अर्थ सांगितला. याची लिफ्ट वरच्या मजल्यापर्यंत जात नाही. मी तोवर लिफ्ट पाहिली नव्हती. त्यांनी तीही समजावून सांगितली, हाताने वर-खाली करून. मी ते वाक्य तसंच्या तसं म्हणून दाखवलं, एकदाच ऐकून. धाकटे शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "गजब छे! चौथी पास आणि असा बोलतो!" वाडीवर कोणी माझ्याकडे असं पाहिलेलं ते पहिल्यांदाच.

त्यानंतर ते मला रोज एक शिकवू लागले. याचा स्क्रू ढिला आहे. याच्या घंटाघरात वटवाघळं राहतात. ते मला फार आवडलं, कारण वटवाघळं आम्हाला माहीत होती, पिकलेल्या चिकूवर तीच पहिली यायची. याच्या सहलीत एक सँडविच कमी आहे. घरात दिवे चालू आहेत पण आत माणूस नाही. आमच्या पाड्यात तेव्हा दिवे आले नव्हते. तरी मला ते वाक्य डोळ्यांसमोर दिसायचं, मोठा बंगला, सगळ्या खिडक्या उजळलेल्या, आणि हाक मारली तर ओ नाही. घरी जाताना मी वाटभर तीच वाक्यं घोकत चालायचो. दादा मागून यायचा आणि म्हणायचा, "आणखी एकदा बोल. बरं वाटतं ऐकायला."

मुंबईचे पाहुणे आले की धाकटे शेठ मला ओट्याच्या पायरीवर उभं करायचे. मग काठीने एकेकाकडे दाखवायचे. हिशेब लिहिणाऱ्या मेहताजीकडे काठी गेली की मी एक वाक्य म्हणायचो, टेम्पोवाल्याकडे गेली की दुसरं. पाहुणे टाळ्या वाजवायचे, बायका तोंडाला रुमाल लावायच्या. शेवटी काठी दादाकडे जायची. दादासाठी मी सगळ्यात चांगली राखून ठेवलेली असायची. ती मी एकामागून एक सोडायचो आणि पाहुणे लोटपोट व्हायचे. मला मस्का लावलेला पाव मिळायचा. अर्धा मी दादाला द्यायचो, हे लिहून ठेवतो. एकदा पाव खाता खाता मी त्याला विचारलं, "दादा, तुला मी काय म्हटलं ते कळलं का?"

"नाय."

"मग हसलास कशाला?"

"तू किती न अडखळता बोललास," दादा म्हणाला. "मना तर आपली भाषा पण अशी बोलता येत नाय."

तो दिवस श्रावणातला. ऊन पडलं होतं पण झाडं ओली होती. ओट्यावर पाहुणे होते आणि धाकट्या शेठना टाकीजवळच्या जुन्या झाडाच्या शेंड्यावरची मोठी फळं त्यांच्यासमोर उतरवून दाखवायची होती. तिथे काठी पोचत नव्हती, चढायला हवं होतं. दादाने बुंध्याला हात लावला, थांबला, आणि मान हलवली. "आज नको म्हणतं, शेठ."

पाहुण्यांत हशा पिकला. धाकट्या शेठनी काठी माझ्याकडे केली आणि म्हणाले, "बोल, जान्या." मी बोललो. एक नाही, सहा. लिफ्ट, स्क्रू, वटवाघळं, सगळी. प्रत्येक वाक्याला टाळ्या. दादाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. त्याला राग यायचाच नाही. आपल्यामुळे धाकट्या भावाचा खेळ चालला आहे तर तो मोडू नये, असंच काहीसं त्याच्या तोंडावर होतं. मग तो झाडाचं न ऐकता वर चढला. दोन पुरुष उंचीवर त्याचा पाय शेवाळावरून सटकला आणि तो टाकीच्या दगडी काठावर डोक्यावर पडला.

पण तो उठून बसला! हे मी मुद्दाम लिहितो. तो स्वतः उठून बसला, पाणी प्याला, डोक्याला लावलेला हात बघून म्हणाला, "थोडंच रगत आलं." पाहुणे चहाला गेले. तासाभराने दादा झोपाळल्यासारखा करू लागला. मग बडबडायला लागला, शब्द एकमेकांत मिसळलेले, अर्थ न लागणारे. मला त्याने बापाच्या नावाने हाक मारली. थोरल्या शेठनी जीप दिली, पाड्यावरून आईला घेतलं, आणि आम्ही दवाखान्यात पोचलो. कुठला दवाखाना ते मी लिहीत नाही, दोष त्या भिंतींचा नाही.

डॉक्टर तरुण होता, फार लांबच्या मुलखातून नुकताच आलेला. त्याला मराठी येत नव्हती. बोलणं समजावून सांगणारा कंपाउंडर त्या दिवशी रजेवर. डॉक्टरने जखम पाहिली, नाडी पाहिली, दादाची बडबड थोडा वेळ ऐकली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत मला विचारलं, "ये पहले से ऐसा है, या गिरने के बाद?"

मला प्रश्न कळला होता. न कळल्याचं सोंग मी घेणार नाही, आयुष्यभर घेतलं नाही आणि आता तर मुळीच नाही. बाजारातली हिंदी मला चांगली येत होती. "साब, सुबह ठीक था," एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. पण समोर डॉक्टर होता, पांढरा कोट घातलेला, शिकलेला, आणि माझ्या अंगावर चिकाने काळा झालेला बनियन होता. तो मला काय समजत असेल ते मला दिसत होतं. आणि जिभेवर वाक्यं तयार होती. मी म्हणालो, "ऑलवेज, सर. स्क्रू लूज. लाइट्स आर ऑन, नोबडी होम."

डॉक्टर चकित झाला. मग हसला. "यू स्पीक इंग्लिश!" असं म्हणाला आणि त्याने मला बसायला खुर्ची दिली. मी बसलो. आई खाली फरशीवर दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर करून विचारलं, "काय इचारतो रं तो?"

"कसा पडला ते विचारतो," मी म्हणालो.

डॉक्टरने कागदावर लिहिलं, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, दोन दिवस आराम सांगितला. मी उठताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. परत येताना जीपमध्ये आई माझ्याकडे सारखी बघत होती. दादा तिच्या मांडीवर घोरत होता आणि मला वाटलं, चला, झोप लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने दोनदा ओकारी काढली. आई म्हणाली, "परत नेऊया त्याला." मी म्हटलं, "डॉक्टरने गोळ्या दिल्यात ना? त्याला जास्त कळतं की तुला?" तिसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा तेच म्हटलं, वर चिडलो. मला तेव्हाही आतून कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच मी जायला तयार नव्हतो. परत गेलो असतो तर डॉक्टरने पुन्हा विचारलं असतं आणि मला माझं बोलणं फिरवावं लागलं असतं. चौथ्या दिवशी दादाचा उजवा हात उचलेना. मग गाडीत घालून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेला. तिथला म्हातारा डॉक्टर मराठी होता. आईला दादापाशी ठेवून त्याने मला बाहेर बोलावलं, पहिल्या डॉक्टरचा कागद वाचला आणि चष्मा काढला.

"यात लिहिलंय जन्मापासून असाच आहे. बडबड जुनी आहे. नातेवाइकाने सांगितलं. कोण नातेवाईक?"

"मामा," मी म्हणालो. "ते आज आले नाहीत."

"डोक्यात रक्त साचलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर काढता आलं असतं. मामाला म्हणावं, माणूस घालवलास." एवढं म्हणून त्याने कागद घडी करून माझ्या हातात दिला. आम्हाला मामा नव्हताच. आई एका भावालाही तरसलेली होती.

दादा त्यानंतर नऊ वर्षं जगला. जगला म्हणजे आईने जगवला. उजवा हात, उजवा पाय गेले, बोलणं गेलं. आई भाकरी दुधात कुस्करून त्याला भरवायची आणि अर्धी त्याच्या हनुवटीवरून खाली यायची. दिवसभर तो अंगणात मांडवाच्या खांबाला टेकून असायचा. चिकू दाखवला तर नुसता बघायचा. पहिल्या वर्षी मी त्याच्याजवळ बसून हळूहळू सगळं सांगायचो, मराठीत, काय बोललो आणि का बोललो. वाटायचं, डोळ्यांत काही हलेल, रागाचं, कशाचंही. काही हललं नाही. दुसऱ्या वर्षापासून सांगणं सोडलं.

पाड्याने निकाल तेव्हाच लावला होता. झाडाला न विचारता चढला म्हणून पडला. आईलाही तेच पटलं. ती एक कोंबडीचं पिलू आणि नारळ घेऊन शेठच्या वाडीत गेली आणि त्या चिकूखाली बसून तिने झाडाची माफी मागितली, लेकाच्या वतीने, मोठ्याने. धाकटे शेठ ओट्यावर होते. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ते माझ्या इंग्लिश वाक्याची वाट बघत राहिले. मी काही बोललो नाही. एवढं तरी माझ्या बाजूला लिहायला हरकत नसावी. पण झाडावर आळ आला तो मी येऊ दिला, तेही लिहायला हवं. झाडाने तर 'नको' म्हटलं होतं.

डॉक्टर चुकला नाही का? चुकला. त्याने आणखी दोन प्रश्न विचारायला हवे होते. हे मी स्वतःला पन्नास वर्षं सांगत आलो आहे आणि ते खरंही आहे. त्याचा काही उपयोग होत नाही.

यातलं सगळ्यात अवघड आता येतं. आईने त्या दिवशी फरशीवरून जे पाहिलं ते एवढंच, की आपला पोर डॉक्टरशी इंग्लिशमध्ये बोलला, डॉक्टर हसला आणि त्याने पोराला खुर्ची दिली. सगळं घर बुडालं त्यातून तिने तेवढं एक वर काढून धरलं. पाण्यावर भेटणाऱ्या बायकांना ती सांगायची. पाहुण्यांना सांगायची. माझ्या बायकोला लग्नानंतर पहिल्याच दिवशी सांगितलं, दादाला भरवता भरवता. "लहानूसाठी यानं डाक्टरशी इंग्लिशमधी भांडण केलं," असं पुढे पुढे ती म्हणू लागली. पाड्यात कोणी आजारी पडलं की माणसं माझ्याकडे येत, आई त्यांना घेऊन येई, "याला न्या, हा बोलेल." मी गेलो नाही. माणसं म्हणाली, शेठच्या नादाने जान्याला माज चढला. म्हणू दिलं. कितीदा तोंडाशी आलं की आईला सांगावं, त्या दिवशी मी डॉक्टरला काय सांगितलं ते. पण तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं, आणि तेही काढून घ्यायची हिंमत मला झाली नाही. हिंमत म्हणा की आणखी काही.

ती गेली तेव्हा खूप म्हातारी झाली होती. शेवटच्या आठवड्यात तिला दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई आपल्याकडचीच होती, वाणगावची, आईला 'आजी' म्हणायची. तिने कानाची नळी काढून मला अगदी साध्या मराठीत विचारलं, "काका, आजींना असं कधीपासून होतंय?"

मी तोंड उघडायच्या आत आईने खाटेवरून हात उचलला. काडीसारखा झाला होता तो हात. तिने माझी बाही धरली आणि म्हणाली, "इंग्लिशमधी सांग रं तिला. तिला बी कलू दे."

माझ्या तोंडून ना मराठी निघाली ना काही. आईने जरा वेळ वाट पाहिली, मग बाईंकडे बघून दात नसलेल्या तोंडाने हसली.

"लाजतो," ती म्हणाली.